स्पितीहून घरी आलेला

हिमालयातल्या स्पिती खोऱ्यात बौद्ध मठ बघायला गेलेला अमरसिंह परत आलाच नाही. बरं, ते राहू द्या. मंगळवारी तो गडमुडशिंगीत घरी हजर झाला आणि भाकरीला हात न लावता त्यानं मटण संपवलं.

“हिमबिबट्या दिसला का वो?” बायकोनं, वर्षाराणीनं विचारलं.

“त्यानं मला बघितलं की.”

तो गोठ्यात शिरताच म्हशी दावी तोडून पळाल्या. “मालकाला इसरल्या व्हय गं?” त्याची आई हसली.

वर्षाराणीचं लक्ष अंगणात होतं. तो तिथून अनवाणी गेला होता, आणि ओल्या सारवणावर वाटीएवढे पंजे उमटले होते.

दुपारी तो कौलांवर जाऊन पसरला. तिनं तिकडच्या वनखात्याला फोन लावला. वर कौल वाजलं, तसा तिनं आवाज आणखी खाली घेतला.

“आमचा माणूस परत पाठवावा आणि आपला घेऊन जावा, ही नम्र विनंती.”