पुंगळीवरची रेघ

मधुरा ऑफिसमधून सिंगापूरमधल्या बुकित तिमाहच्या कॉन्डोत परतली, तेव्हा बाबा पुन्हा त्या अमेरिकन माणसाचा व्हिडिओ बघत बसले होते. तो झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या परत भरून रायफलीत वापरायचा.

"बाबा, दारूगोळा कारखान्यातून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. पुरे की आता!"

"अगं, ही बघ, बुडाजवळ चकचकीत रेघ. पितळ ताणून ताणून तिथे पातळ झालंय. पुढच्या बाराला तुटेल, आणि ह्याचा गाल बंदुकीला टेकलेला असतो. लिही त्याला, एक पुंगळी उभी कापून बघ म्हणावं."

मधुराने कॉमेंट लिहिली, ती केवळ बाबांचं मन राखायला.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. सोबत कापलेल्या पुंगळीचा फोटो होता. आतून गोल चीर गेलेली. "सगळ्या पुंगळ्या फेकून दिल्या. थँक यू, सर," मधुराने वाचून दाखवलं.

बाबांनी चष्मा पुसला आणि फोटो मोठा करून पाहिला.

"एकतीस वर्षं तपासणीत कच्च्या पुंगळ्या बाजूला काढल्या गं," ते म्हणाले. "वाचलेला माणूस आज पहिल्यांदा भेटला."