मधला घाव

ज्या साली डोंगर जाळून नाचणी पेरायला बंदी आली, त्या साली दिग्गीजवळच्या एका वाडीतली सगळी माणसं एकाच सकाळी काळी नदीत शिरून बुडाली. कोणी म्हणे उपासमारीच्या भीतीनं, कोणी म्हणे देवानं बोलावलं. ते माझ्या बायकोचं, चंद्राचं माहेर.

बाराव्या दिवशी भर दुपारी आम्ही तिथं पोचलो. तिच्या आईच्या घरातून भात कांडल्याचा आवाज येत होता. आमच्याकडं दोघीजणी आळीपाळीनं कांडतात. इथं एक घाव पडे आणि दुसऱ्याची जागा मोकळी राही.

"आई माज्यासाठी खोळंबलीया," चंद्रा म्हणाली. "सोडा मला."

"घरात कोन न्हाई, चंद्रा."

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. तरी मधला घाव पडू लागला. चंद्राला धाप लागली.