दुसरा पुरावा

तीन वाजून दहा मिनिटांनी तारीखमास्तरांनी पाकीट फोडलं, आणि तेव्हापासून ते खुर्चीतून हललेले नव्हते.

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे तारीखमास्तरच म्हणत. ‘आजचा दिवस’ हे सदर एकतीस वर्षं त्यांच्याकडे. टेबलावर लाकडी खोकं, खोक्यात तीनशे सहासष्ट कार्डं, दर तारखेला एक. उद्याचं, सतरा ऑक्टोबरचं, बाहेर काढून ठेवलेलं होतं. एका गलबताला जलसमाधी, एका गणितज्ञाचा जन्म, आणि डोंगरातल्या थंड गावांत शरदातच पानं पिवळी का पडतात त्याच्या तीन ओळी. तळाला चार ओळींची जागा रिकामी होती. पान चार वाजता छपाईला जायचं.

पाकिटात जुना फोटो होता, सोबत चिठ्ठी : ‘वडील फोटोग्राफर होते. त्यांच्या पेटीत सापडला. उद्याच्या सदराला उपयोगी पडेल.’

नदीवरचा पायी जायचा पूल लोकांना खुला झाला, त्या सकाळचा फोटो. फळ्यांवर वाळक्या पानांचा सडा. गर्दीच्या पुढे एक टक्कल पडलेला माणूस, त्याच्या खांद्यावर सहाएक वर्षांची मुलगी, तोंडभर हसणारी. माणसाच्या टकलावर पाच बोटांचा काळा ठसा. फोटो रंगीत नव्हता, पण ती बोटं हिरवी होती हे मास्तरांना ठाऊक होतं.

बायकोने किती वेळा सांगितलं होतं! पाहुणे जेवायला बसले की तिची गाडी पुलावर यायचीच. कठड्याचा हिरवा रंग ओला होता, बाबा म्हणाले हात लावू नकोस, म्हणून तर हिने लावला. पुसायला दुसरं काही सापडेना, तेव्हा बाबांच्या टकलालाच पुसला. पानगळीचे दिवस होते, बाबांच्या पायाखाली पानं चुरचुर वाजत होती. ती इथवर आली की मास्तर तोंडातला घास न गिळता म्हणायचे, “मार्च.”

“अहो, ऑक्टोबर! पानं पडत होती. आपल्या थंड डोंगरात पानगळ तेव्हाच.”

“सरकारी अहवालात मार्च आहे. छापील.”

“हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी होते ना तिथे!”

“तू सहा वर्षांची होतीस. आमच्याकडे दोन पुरावे लागतात. आणि आठवण हा पुरावा नव्हे.”

पाहुणे हसायचे, मास्तर सगळ्यांत मोठ्याने. दर मार्चमध्ये पूल सदरात यायचा. ती तेवढ्या चार ओळी वाचायची आणि पेपरची घडी घालून ठेवायची.

गोष्ट हळूहळू आखडत गेली. आधी पानं गेली, मग रंग गेला, मग बाबाही गेले. शेवटी शेवटी कुणी पुलाचा विषय काढलाच तर ती म्हणायची, “ह्यांना विचारा. मला मेलीला काय आठवतंय!” तेव्हा मास्तरांना बरं वाटलं होतं. एकदाचं पटलं हिला, असं वाटलं होतं.

ती जूनमध्ये गेली.

मास्तरांनी फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं : पूल, पहिली सकाळ, सतरा ऑक्टोबर. खाली साल. अहवाल लिहिणाऱ्याने ठरलेली तारीख लिहून टाकली असणार, आणि काम लांबलं असणार. कामं लांबतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुनियेच्या तारखा तोंडपाठ असलेल्या माणसाला तेवढं एकदाही सुचलं नव्हतं.

त्यांनी मार्चचं कार्ड शोधून काढलं. ते शाईने लिहिलेलं होतं. तरी त्यांनी खोडरबर घासला. कागद विरला, अक्षरं राहिली.

“सर, तळाचं काय करायचं?” पान लावणारी उपसंपादक येऊन उभी राहिली. ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांच्या घरी जेवलेलीही, पुलाची गोष्ट ऐकून हसलेलीही.

मास्तरांनी फोटो पुढे केला. “पूल घे. सतरा ऑक्टोबर. आणि मार्चची चूक कबूल करायची.”

“डोक्यावर काय आहे हो ह्या माणसाच्या?”

“हिचा हात.”

ती फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हणजे काकूंचंच खरं होतं.”

“हो.”

“आणि आपण एकतीस वर्षं मार्च छापला.”

“आपण नाही. मी.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. बोलावं की नाही असं तिला झालं असावं, पण तिला शिकवणारे हेच होते. “सर, राग मानू नका. पण अहवालात मार्च आहे, आणि त्याच्याविरुद्ध आपल्याकडे हा एकच फोटो. उद्या कुणी दुसरा पुरावा मागितला तर?”

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

“होता ना,” ते म्हणाले. “एकोणचाळीस वर्षं समोर बसून जेवत होता.”

तिथेच त्यांच्या शेजारी बसून तिने चार ओळी लिहिल्या, त्यांना दाखवल्या, त्यांनी मान हलवली. चारला पान गेलं. बातमीच्या खाली, दुरुस्ती छापताना असते ती नेहमीची ओळ होती. चुकीबद्दल वाचकांची माफी मागितली होती.