आबांच्या मशीनमधली नोंद

आबांना जाऊन महिना झाल्यावर त्यांचं कानाचं मशीन मी बोदवडहून जळगावला नेलं, कुणा गरजूला देता यावं म्हणून. दवाखान्यातल्या प्रेमराजभाऊंनी नवा सेल घालून ते कॉम्प्युटरला जोडलं.

"हे सगळं लिहून ठेवतं, ताई. किती तास शांतता, किती तास गोंगाट, किती तास माणसांचं बोलणं."

"दाखवा."

आम्ही आबांशी बोलत होतो, एवढंच मला पाहायचं होतं.

दोन वर्षं आबा ते रोज चौदा-चौदा तास घालत होते. बोलण्याचा रकाना जवळजवळ रिकामा होता. घरात सात माणसं. "आबाले वरडून कोन सांगीन? त्यापेक्षा खांबाले सांग," असं माझा भाऊ जितेंद्र त्यांच्यासमोरच म्हणायचा आणि मीही हसायचे.

"नंतर मात्र सुधारलंय," प्रेमराजभाऊ म्हणाले. "गेले वीस दिवस रोज चार तास बोलणं आहे. आता कोण वापरतं?"

"कोणी नाही. सेल काढून डबीत ठेवलं होतं."

त्यांनी तारखा पुन्हा पाहिल्या. सुरुवात दशक्रियेच्या दिवसापासून होती.

मग ते बोलले नाहीत, मीही नाही. त्यांनी उठून दार लावलं, पंखा बंद केला. मशीन टेबलावर पडलं होतं आणि पडद्यावरची आत्ताच्या बोलण्याची पट्टी चढत होती, थांबत होती, पुन्हा चढत होती. बहिऱ्या माणसाला कळावं म्हणून कुणी एकेक शब्द सुटा करून, न कंटाळता सांगत राहावं, तशी.