सत्त्याऐंशी नंबरचं स्थळ

"आज पुन्हा आला!" सारिका खुर्चीतून अर्धी उठलीच.

मेहकरच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट ऐन लग्नसराईत रडतखडत चालू लागली, म्हणून ती सांभाळणाऱ्या सारिकाने सर्व्हरवर पाळत ठेवली होती. कोणी, केव्हा, कोणाचं स्थळ मागितलं, ती प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये उतरत होती. बोजा कुठून येतो ते शोधायचं होतं. सापडलं भलतंच. पुण्याहून कुणीतरी रोज सत्त्याऐंशी नंबरचं स्थळ उघडत होतं, आणि ते स्थळ खुद्द सारिकाचं होतं.

माणूस मोठा वक्तशीर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी यायचा; रविवारही चुकवायचा नाही. दुसऱ्या एकाही मुलीकडे ढुंकून पाहत नव्हता. फोन नंबर मात्र मागत नव्हता. लाजरा असेल, सारिकाने परस्पर ठरवून टाकलं. तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

अडचण एकच होती. मामांनी आणलेला मोताळ्याचा प्रेमानंद रविवारी तिला पाहून गेला होता. साधा शिक्षक. त्याच्या बोलण्यावर ती दोनदा मनापासून हसलीही होती. तिकडचा होकार आला होता, आता हिने सांगायचं होतं.

"सोन्यासारखं पोरगं हाये," आई, अन्नपूर्णाबाई, फोनवर म्हणाल्या. "काऊन नाही म्हणून राह्यली तू?"

"आई, मले शोधणारा कोणीतरी हाये. रोज शोधते."

"कोण?"

"संध्याकाळी सांगन."

हट्टापुढे आईचं काही चाललं नाही. मामांमार्फत नकार गेला.

आधी खात्री करावी, हे शहाणपण सारिकाला त्यानंतर सुचलं. मंडळाचा सर्व्हर उभारून देणारा धम्मरत्न आता पुण्यात नोकरीला होता. तिने त्यालाच फोन लावला.

"सत्त्याऐंशी नंबरचं स्थळ रोज कोण पाह्यते? पत्ता पुण्याचा दिसते."

पलीकडे धम्मरत्न हसला. "सापडलो म्हणायचं. मीच हो, मॅडम."

सारिकाचे कान गरम झाले. "तुम्ही? काऊन पण?"

"सर्व्हर चालू हाये का बंद, ते तपासाले माह्या मशिनवरून आपोआप एक ठरलेली क्वेरी जाते. पयले दुसऱ्या पोरीचं स्थळ लावलं होतं. तिचं लग्न जमलं, स्थळ निघालं, अन् इकडे उगाच धोक्याची घंटी वाजली. म्हणून मंग तीन सालात कोणी एकदाही न उघडलेलं पाहून हे लावलं. कोणाचं हाये मालूम नाही, पण हे काही निघत नाही."