विमलाच्या चालीची गाडी

तिसरा डायोड जोडला तरी खेळण्यातला ट्रक पळालाच. विमलाच्या पानाचा डबा पाठीवर घेऊन तो तुळशीला वळसा घालून फाटकाशी जाऊन थांबला. विमला दोन पावलं चालली आणि परत सोप्यावरच्या खुर्चीत येऊन बसली.

"खेळा तुमी," ती म्हणाली. "माका धावूक जमणा नाय."

गोकुळदासचं तोंड उतरलं. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले होते. चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घरी आल्या आल्या अंगणात एकदा तिचा पाय सटकला आणि तेव्हापासून तिनं खुर्चीशी सोयरीक केली. काठी दिली, ती तिनं कावळे हाकायला घेतली. हात पुढे केला, तो शेजारची कमलाक्षी बघते म्हणून झटकून टाकला. ही अशीच बसून राहिली तर, या धास्तीनं गोकुळदासला जेवण गोड लागत नव्हतं.

पानाशिवाय मात्र विमलाचा अर्धा तास निघत नसे. म्हणून त्यानं हौसेनं बांधलेला रिमोटचा ट्रक काढला आणि हौद्यात डबा ठेवला. डब्यासाठी ती उठली खरी, पण हाती लागणारच नाही अशा गाडीच्या मागे माणूस किती लागेल?

पाळी गावच्या खाणीवर गोकुळदासनं आयुष्यभर मोटारी जोरात फिरवण्याचा पगार घेतला होता. आता खाण बंद पडल्यावर मोटर हळू करायची विद्या नव्यानं शिकायची पाळी आली. रिमोटला पुढे, मागे आणि थांब एवढंच कळायचं, वेग कळायचा नाही, तेव्हा व्होल्टेज उतरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आधी त्यानं वीज अडवणारा रेझिस्टन्स घातला. तो असा तापला की वर पापड भाजावा, आणि जरा चढ आला की गाडी जागच्या जागी रुसायची. मग मोटरच्या वायरीत एकापुढे एक डायोड आले. प्रत्येक डायोड पाऊण व्होल्ट गिळायचा. पण तो वीज एकाच दिशेनं सोडतो, त्यामुळे रिव्हर्स गेला. गाडी कुठं अडली की गोकुळदासनं धावत जाऊन सोडवायची. रिमोटही दहा पावलांपलीकडे पोचत नसे. पुढे ट्रक, मधे विमला आणि मागे धापा टाकत ट्रकाचे मालक, अशी वरात रोज संध्याकाळी निघू लागली.

पाचव्या डायोडला सूत जमलं. डबा हातभर पुढे राहायचा, हाताला मात्र लागायचा नाही.

"लाज नाय तुमका? बायलेक असा धावडायतात!" विमला ओरडायची आणि चालायची.

आठवड्यात फाटक झालं, पंधरवड्यात तिठा, महिन्यात देवळाकडच्या चढाचा पायथा. कमलाक्षी कुंपणावरून तोंडाला पदर लावून हसायची. गोकुळदास घाम पुसायचा आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा. बायकोला कसं फसवलं!

एका संध्याकाळी देवळाचा चढ अर्धाअधिक झाला असताना विमलानं एकाएकी पावलं उचलली. तिनं ट्रक गाठला, वाकून डबा उचलला आणि वरच्या पारावर बसून निवांत पान लावायला घेतलं.

गोकुळदास भराभर चढ चढून तिच्यापाशी आला. त्याचे डोळे भरून आले होते.

"धरलंस गे! बरी झालंस!"

"मी ती गाडी कदीचीच धरली असती," पानाला चुना लावत विमला म्हणाली. "पयलो आठवडो तेवडो खराच भियालंय."

"मगे धरूक नाय ती कित्याक?"

"माझ्या ऑपरेशनाच्या दिवशी तुमका चक्कर इल्ली, याद आसा? तेवा डॉक्टरान तुमका भायेर धाडून माका सांगल्यान, घोवाचा काळीज थकलाहा, तेका रोज चालवा. तुमका सांगून तुमी चालले असतात?"

गोकुळदासनं रिमोट बाजूला ठेवला.

विमलानं लावलेलं पान त्याच्यापुढे धरलं. "आज चढार तुमका धाप लागूक नाय," ती म्हणाली. "म्हणान धरली."