लेकाची काळजी

अठ्ठावन्नाव्या वर्षी काकू एकट्याच परदेश बघायला निघाल्या, तेव्हा घरात सुतक पडल्यासारखी तोंडं झाली. "मामंजींना जाऊन वर्ष झालं नाही तोच यांना पाय फुटले," सून भिंतीला ऐकवत होती. "आणि एकट्या कसल्या जातायत! असेल कुणीतरी तिकडे."

लेक मात्र साखर पेरत म्हणाला, "आई, तिथे आपल्याकडचाच एक टॅक्सीवाला माझ्या ओळखीचा आहे. तो तुला हॉटेलवर नेऊन सोडेल."

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी गल्लीत काकूंना आपल्या मागे पावलं ऐकू आली. त्या थांबल्या की पावलंही थांबायची. भ्यायची जातच नव्हती काकूंची. वळणावर आडोशाला उभ्या राहिल्या आणि माणूस टप्प्यात येताच त्याची कॉलर धरली. बघतात तर तोच टॅक्सीवाला!

"मेल्या, आईच्या वयाच्या बाईमागे फिरतोस?"

"काकू, मारू नका! तुमच्या मुलानंच सांगितलंय हो," म्हणत त्याने मोबाइल पुढे केला.

काकू नाश्ता करताना, काकू बाकावर बसलेल्या, काकू दुकानात शिरताना. प्रत्येक फोटोखाली लेकाचा एकच प्रश्न होता, "बरोबर कोणी पुरुष दिसला का?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी कॉलर सोडली, केस सारखे केले आणि टॅक्सीवाल्याच्या हातात हात अडकवून झकास हसल्या.



"काढ आपल्या दोघांचा फोटो. आणि खाली लिही, 'दिसला.'"